बदकाचं पिल्लू अंड्यात अडकलंय, सोडवू की थांबू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कोण जाणकार असेल तर लवकर सांगा. आम्ही वडणग्याचे, कोल्हापूरला लागूनच. मादी काय खुडूक होईना, म्हणजे अंड्यांवर उबवायला बसेना, म्हणून अंडी थर्माकोलच्या इनक्युबेटरात घातलेली, 28 दिवस भरले आणि बाकीची पिल्लं निघून वाळली पण. एकच राहिलंय. त्यानं काल सकाळी रुंद बाजूला चोच मारून भोक पाडलं ते तेवढंच आहे, पुढं सरकेना. त्यात रात्री लाईट गेली ती लवकर आलीच नाही, आतली आर्द्रता पार उतरली, आणि आता भोकाच्या कडेचा पापुद्रा तपकिरी होऊन कडक झालाय, चोचीला चिकटल्यासारखा वाटतोय. पिल्लू जिवंत आहे, जवळ जाऊन बोललं की आतनं ओरडतंय, मधेच चघळल्यासारखी चोच हलवतंय. टॉर्च लावला तर एका बाजूला लाल शिरा दिसत्यात.

आई म्हणती सोलून काढ, गुदमरून मरंल. शेजारचे काका म्हणत्यात अजिबात हात लावू नको. मला काय ते डोळ्यांदेखत जाऊ द्यायचं नाही. पापुद्रा भिजवायला पाणी वापरू की खोबरेल तेल?

प्रतिसाद १:
दादा, शिरा लाल दिसत्यात ना, मग आत्ता सोलायचं नाही. त्या शिरांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जायचं असतं आणि पोटाखालचा बलक बेंबीतनं आत ओढला जायचा असतो, चघळल्यासारखं करतंय म्हणजे ते काम अजून चालू आहे. कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाला जास्त वेळ लागतो, भोक पाडल्यावर 24 ते 48 तास धरूनच चाला. तोवर इअरबड कोमट पाण्यात बुडवून पिळा आणि कडेचा पापुद्रा ओला करा, खोबरेल पण चालतं आणि ते लवकर वाळत नाही, फक्त चोचीवरच्या नाकपुड्यांत काही जाऊ देऊ नका. आत कोमट पाण्याची वाटी आणि ओलं फडकं ठेवा, झाकण सारखं उघडू नका.

48 तास उलटले, शिरा गेल्या, चघळणं थांबलं आणि तरी सरकत नसेल तर मग रुंद बाजूचं कवच कडेकडेनं टिकली टिकली काढा. लाल ठिपका दिसला की तिथंच थांबायचं, कापसानं हलकं दाबून परत आत ठेवायचं. डोकं मोकळं झालं की बास, खालचं अंग त्याचं त्याला ढकलू द्या, ओढू नका.

धागाकर्ता:
लई उपकार झाले. तेल लावत राहिलो, आज सकाळी शिरा पांढऱ्या पडल्या तेव्हा टोपीएवढं कवच काढलं आणि दुपारी पिल्लू आपणहून बाहेर आलं! बेंबी बंद आहे. पण पाय फाकत्यात, उभं राहिना. खाली पेपर घातलाय, त्यानं घसरत असंल का?

प्रतिसाद १:
पेपर आधी काढा, खरखरीत टॉवेल घाला. उद्यापर्यंत पाय जवळ आले नाहीत तर मऊ चिकटपट्टीनं दोन्ही पाय थोडं अंतर ठेवून बांधा, तसंच चालू द्या. खायची घाई नको, पोटातला बलक एक दिवस तरी पुरतो.