बातमीदार मास्तर झाला की त्याचं काय होतं?

तापीकाठचा
अरुण साधूंवरून वाद लावतोय. मुंबईत इंग्रजी दैनिकांचे राजकीय बातमीदार, पुढे फ्री प्रेस जर्नलचे संपादक आणि तिथून पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सहा वर्षं वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुख. आमच्या वेळी ही वाट म्हणजे स्वर्ग वाटायची. आता मी स्वतः बावीस वर्षं तालुका वार्ताहरकी करून एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो, आणि माझं मत फिरलंय.

राजकीय बातमीदार वर्गात उभा राहिला की किस्से सांगतो. कोण कुणाच्या गाडीत बसून गेला, कुणाचं तिकीट रात्रीतून कसं कापलं. पोरं कान टवकारून ऐकतात. पण घडलं त्या दिवशी ते छापलं का? मी नाही छापलं. त्याच नेत्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीला पानभर जाहिरात आणायची होती ना! तेव्हा गिळलेलं आता खडू हातात घेऊन ओकण्यात कसली मर्दुमकी?

भुसावळ जंक्शन
नाना, स्वतःचा राग साधूंवर काढू नका. ते खुर्ची मिळेपर्यंत थांबले नव्हते. 'सिंहासन' १९७७ ची, तेव्हा बातमीदारीच चालू होती. बातमीत जे मावेना ते त्यांनी कादंबरीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मंत्रालयात वही घेऊन गेले. आधी लिहिलं, मग शिकवलं. हा क्रम तुमच्यात आणि त्यांच्यात वेगळा आहे, बस.

केळीबाग रावेर
काय भो, कादंबरीत नावं बदललेली असतात. 'सिंहासन'मधल्या जिवाजीराव शिंदे नावाच्या मुख्यमंत्र्यातर्फे अब्रुनुकसानीचा दावा कोण लावणार? आणि मतांचं काय? चीनच्या, क्यूबाच्या क्रांतीवर जीव लावून लिहिणारा माणूस विभागप्रमुख. समोर विशीतली पोरं, मार्क सरांच्या हातात. त्याच खुर्चीत एखादा उजवा संपादक बसला असता तर तुम्हीच बोंब मारली असती.

भुसावळ जंक्शन
मारली असती, कबूल. पण साधूंचं मत छापील होतं, पोरगं वाचून भांडायला येऊ शकत होतं. मला भीती वाटते ती 'माझं काहीच मत नाही' म्हणणाऱ्या सरांची.

अमळनेरची लेक
तुम्ही सगळे पुरुष किश्शांवरच अडकलात. मी पत्रकारितेत पीएचडी केली, सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झाले, आणि अजून सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पगारावर, आहे. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणजे पगार नाही. २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, प्रत्यक्ष व्यवसायातून येणाऱ्यांसाठी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पद आणलं: पंधरा वर्षांचा अनुभव असला की पीएचडीची अट नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत नेमणुका, मुदत तीन वर्षं, फार तर चार. वाचून आधी डोकंच फिरलं. आम्ही संदर्भसूच्या जुळवत म्हातारे व्हायचं का?

तरी एक सांगते. आमच्याकडे एक जुने बातमीदार दोन तासांसाठी आले होते. किस्सा एकही नाही. जिल्हा परिषदेच्या एका सभेच्या इतिवृत्ताची झेरॉक्स सगळ्यांना वाटली आणि म्हणाले, यात बातमी शोधा. पोरं ठराव वाचत बसली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने वेळ बघितली. सभा सुरू ११.०५, संपली ११.४०, विषय ४१. तिने वहीच्या कडेला भागाकार केला: एका विषयाला मिनिटसुद्धा नाही. सर फक्त म्हणाले, "झाली तुझी बातमी." मी मागे उभी होते. पीएचडीच्या पाच वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि हे लिहिताना माझीच जीभ अडते.

धुळेकर आप्पा
तुनं खरं शे बेटा. पण उलटी वाट कुणालाच आठवली नाही! साने गुरुजी आधी तुझ्याच अमळनेरला प्रताप हायस्कुलात मास्तर, १९३० ला नोकरी सोडली, पुढे 'काँग्रेस' साप्ताहिक, १९४८ ला 'साधना'. आणि खान्देशातलं सगळ्यात मोठं रिपोर्टिंग कुठे झालं? आमच्या धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ ला. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, गुरुजी भराभर उतरवून घ्यायचे. अठरा रविवार. टेपरेकॉर्डर नाही, काही नाही. त्यात गुरुजींनी आपलं मत घुसडलं म्हणून कुणी भांडलेलं मी तरी ऐकलं नाही.

केळीबाग रावेर
आप्पा, ते प्रवचन होतं. विनोबांना तिकीट नको होतं कुणाचं.

धुळेकर आप्पा
म्हणून तर नीट उतरलं!

तापीकाठचा
ताई, तुमच्या त्या मुलीचा भागाकार रात्रभर डोक्यात होता. माझ्या माळ्यावर पंचायत समितीची इतिवृत्तं गोणीभर पडलीत, उंदरांनी कोपरे खाल्लेली. सोमवारी एक गठ्ठा वर्गात नेतो. किश्शांबद्दल मात्र मी मागे हटत नाही.

केळीबाग रावेर
ने ना नाना. आणि त्याच आठवड्याची वाढदिवसाची पुरवणीपण ने. दोन्ही शेजारी ठेव. पोरांना विचार, यात बातमी शोधा.