पडदा लागला आणि आजी गायच्या थांबल्या

नगरची_सून
सर्वांना सलाम. आमचं चर्च नेवाशाकडच्या खेड्यातलं, पत्र्याच्या छपराचं. रविवारी साठेक माणसं येतात. गायनाची पुस्तकं फाटली म्हणून नाताळात वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला. सगळ्यांना शब्द दिसावेत, सगळ्यांनी गावं, एवढंच मनात होतं.

माझ्या आजेसासूबाई ८१ वर्षांच्या. शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ. पेटी वाजली की डोळे मिटून पेटीवाल्याच्या आधी पुढचं कडवं धरायच्या. आता नवी गीतं पडद्यावर येतात आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "अक्षरं मला वळखीत न्हाईत, बाई. पयलं कुनीतरी सांगायचं, मंग मी म्हनायची."

पडदा काढा म्हणावं, तर आमच्यातला एक १९ वर्षांचा मुलगा जन्मापासून बहिरा आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उपासनेत काय चाललंय ते कळतंय.

आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा! बायबलमधलं मार्क १०:४५ वाचलं, येशू पुष्कळांसाठी आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला. घरी येऊन विचारतो, "आई, खंडणी तर गुंड मागतात ना?" मला धड उत्तर देता आलं नाही. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात विचारतो की, तुझं बोलणंच ज्याला कळत नाही तो तुझ्या उपकारस्तुतीला 'आमेन' कसं म्हणेल? (१ करिंथ १४:१६) तो प्रश्न मला आमच्याच चर्चला विचारलेला वाटतो. काय करावं?

वसईचा_शेजारी
ताई, आम्ही कॅथलिक. आमच्या धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज डिसेंबर १९६३ मध्ये संमत केला, त्यानंतर मराठी आली. त्याआधी सगळं लॅटिन. माझे बाबा लहानपणी वेदीवर सेवा करायचे. सगळी उत्तरं पाठ, अर्थ एकाचाही ठाऊक नाही. पण भाषा मराठी झाली म्हणून लोक गायला लागले असं नाही. आमचा गायकवृंद माइकवर इतक्या वरच्या पट्टीत गायचा की बाकीचे नुसते ऐकत उभे. शेवटी पट्टी खाली आणली आणि मिस्साच्या, म्हणजे आमच्या उपासनेच्या, आधी दहा मिनिटं ध्रुवपद सगळ्यांकडून म्हणून घेऊ लागलो. मागच्या बाकांवरून आवाज यायला दोन महिने लागले.

टाळकरी
तुमच्या आजींनीच उत्तर दिलंय. आमचे आजोबा ख्रिस्ती कीर्तनं करायचे. कीर्तनात ऐकणाऱ्याच्या हातात पुस्तक नसतंच. बुवा ओळ सांगतो, लोक ती उचलतात. नवं गीत तसंच शिकवा, एका वेळी एकच, आणि महिनाभर तेच गा. पडदाही राहू दे.

खंडणीचं म्हणाल तर पवित्र शास्त्राचा शब्द बदलू नका. वाचणाऱ्याने आधी दोन वाक्यं सांगावीत: कुणाला बंदी करून ठेवलंय, त्याच्या सुटकेची किंमत दुसऱ्याने भरली. पोरांना ते लगेच कळतं. खेड्यातल्या बायकांना वाचून समजावं म्हणून पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणलं, १९२२ मध्ये मरणाच्या उंबरठ्यावर ते काम संपवलं. आपल्याला दोन वाक्यं जड का व्हावीत?

खुणांची_शिक्षिका
पडद्यावर उपदेश येत नाही, तेव्हा त्या बहिऱ्या मुलाला ओठ दिसावेत म्हणून पाळकसाहेबांच्या तोंडावर उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. वाचन आणि उपदेशाचे मुद्दे शनिवारीच त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आणि त्याला काय हवं ते त्यालाच विचारा, त्याच्या आईला नाही. प्रभूची प्रार्थना तो खुणांनी करत असेल तर त्याला पुढे उभं करा, मंडळी त्याच्याकडून शिकेल.

नगरची_सून
तीन रविवार झाले. खिडकीला पडदा लावला. तो मुलगा पुढे यायला अजून लाजतो, पण "आमच्या स्वर्गातील पित्या" एवढी खूण त्याने माझ्या मुलाला शिकवली आहे.

काल पाळकसाहेबांनी आजींना नव्या गीताचं ध्रुवपद सांगायला लावलं. मी आठवडाभर भाकरी थापताना ते त्यांच्याकडून घोटून घेतलं होतं. त्या बसूनच होत्या, एक हात बाकावर. सूर इतका खालचा धरला की पेटीवाल्याला पट्टी बदलावी लागली. मग सगळ्या बायकांनी उचललं.