बरवेंचं नावही या यादीत हवंच

चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या चित्रांना कोटींचे भाव आल्यावरच आपल्याला ते 'आपले' वाटू लागले, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आपण अशा दुर्लक्षिलेल्या चित्रकारांच्या यादीत प्रभाकर बरवेंची भर घालतो. माणूस अलिबागजवळच्या नागावचा, शिक्षण मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात, आणि नंतर नोकरी हातमाग विणकरांसाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात. त्यातली काही वर्षं बनारसला गेली, तिथे तंत्रकलेची, म्हणजे तांत्रिक साधनेतल्या प्रतीकांच्या चित्रकलेची, ओळख झाली. १९६०च्या दशकातल्या चित्रांत तिचा प्रभाव दिसतो, पण मला खरे बरवे भेटतात ते त्यानंतरच्या चित्रांत. घड्याळ, पान, ढग, हँगर अशा साध्यासुध्या वस्तू मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून अंतर राखून बसलेल्या असतात. आणि रंग कुठला, तर इनॅमल! आपण खिडकीच्या गजांना फासतो तोच. चकचकीत रंगातून इतकी शांतता कशी काढली, देव जाणे.

१९९५मध्ये गेले, साठीही गाठली नव्हती. २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पण गाजलं काय, तर उद्घाटनात अभिनेते अमोल पालेकरांचं भाषण मध्येच अडवलं ते. चित्रं राहिली बाजूलाच!

चित्रं बघायला मिळेपर्यंत निदान बरवेंचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक वाचा. मराठीतच लिहिलंय त्यांनी.