एक्स५४० कार्डावर टीएक्स हार्डवेअर, आरएक्स मात्र कर्नलच दाखवतंय

उद्यमबागवाला: नमस्कार मंडळी, आमच्या शेडात टेस्ट बेंचला दोन लिनक्स पीसी आहेत, एकावर व्हायब्रेशन, दुसऱ्यावर प्रेशर रेकॉर्ड होतंय, दोघांची वेळ मायक्रोसेकंदात जुळायला पाहिजे. इंटेल एक्स५४० नेटवर्क कार्डं सेकंडहँड घेतली, विकणारा म्हटला हार्डवेअर टाइमस्टॅम्प आहे की, पॅकेटची वेळ कार्डच टिपतंय, घ्या बिनधास्त. क्रोनीत (एनटीपी प्रोटोकॉलनं नेटवर्कवरनं वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) एचडब्ल्यूटाइमस्टॅम्पची ओळ टाकली तर त्याच्या एनटीपीडेटा रिपोर्टात टीएक्सपुढं (पाठवलेलं पॅकेट) हार्डवेअर येतंय आणि आरएक्सपुढं (आलेलं पॅकेट) कर्नल, म्हणजे वेळ कार्ड नाही, लिनक्सच टिपतंय!! केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, रात्रीचे साडेदहा झाले, घरातनं तीन फोन. गंडवलं काय मला?

निपाणीकर: गंडवलं नाही हो, अर्धंच सांगितलं. इथटूलला (कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) मोठा टी देऊन बघा, रिसीव्ह फिल्टरच्या, म्हणजे आलेल्या कुठल्या पॅकेटची वेळ टिपायची त्याच्या, यादीत ‘ऑल’ नाही, नुसती पीटीपीची (वेळ जुळवायचा दुसरा प्रोटोकॉल) नावं. त्या चिपात आलेल्या पॅकेटची वेळ धरायला एकच रजिस्टर, ड्रायव्हर वाचेपर्यंत पुढच्याला जागा नाही, म्हणून पीटीपी सोडून कुणाची वेळच लिहीत नाही. पीटीपीच्या यूडीपी पोर्ट ३१९ वर आलं तर नोंद, तुमचं एनटीपी येतंय १२३ वरनं, त्याला कोण विचारतंय. एक्स५५० किंवा आय२१० घ्या, ते सगळ्यांची वेळ लिहितात.

खानापूरचा: नवीन कार्डाला कशाला पैसे घालताय. क्रोनी ४.२ पासून एनटीपीचं पॅकेट पीटीपीच्या पिशवीत घालून पाठवता येतंय, कार्डाला वाटतं पीटीपीच आलं. दोन्हीकडं पीटीपीपोर्ट ३१९ आणि आरएक्सफिल्टर पीटीपी, क्लायंटच्या सर्व्हर ओळीत पोर्ट ३१९ आणि एक्सलीव्ह. एक्सलीव्ह विसरू नका, पॅकेट तारेवर गेल्यावरच त्याची खरी वेळ कार्डाला कळते, मग ती त्याच पॅकेटात कशी घालणार? पुढच्या उत्तरातनं पाठवावी लागते.

निपाणीकर: हे डोक्यातच आलं नाही बघा. फक्त त्याच कार्डावर पीटीपी४एल (लिनक्सवरचा पीटीपीचा प्रोग्रॅम) चालवत असाल तर जपून, ते सुरू होताना आपल्याला पाहिजे तो फिल्टर बसवतंय आणि फिल्टर अख्ख्या इंटरफेसला एकच असतो.

उद्यमबागवाला: पीटीपी४एल नाही. खानापूरवाल्यांचं करून बघितलं, आधी काहीच येईना, फायरवॉलमधे ३१९ उघडायचं राहिलेलं 🤦 आता दोन्हीपुढं हार्डवेअर! विकणाऱ्याला शिव्या द्यायला नंबर काढून ठेवलेला, त्याच नंबरवर तिसरं कार्ड मागवूलोय.