भाऊ कुठल्या जेलमध्ये आहे हे कसं शोधायचं?

गावाकडची_ताई
नमस्कार, आम्ही उदगीरजवळच्या गावातले. धाकटा भाऊ ठाण्याकडं ड्रायव्हर आहे, चार दिवस झाले फोन बंद लागतोय. त्याच्या रूममधला पोरगा म्हणतो की मारामारीच्या केसमध्ये पोलिसांनी उचललं, पण कुठल्या स्टेशनने ते त्याला नक्की माहिती नाही. एका स्टेशनला फोन केला तर आमच्याकडं नाही म्हणून ठेवून दिला. आईने अन्नपाणी सोडलंय, त्याला फिटच्या गोळ्या चालू आहेत म्हणून जास्तच घोर लागलाय. जेलमध्ये टाकलं असेल तर कुठल्या, हे कसं कळेल?

कोर्टातला_माणूस
ताई, आधी जेल शोधत बसू नका, पोलीस स्टेशन आणि कोर्ट शोधा म्हणजे जेल आपोआप सापडेल. अटक केल्यापासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, म्हणजे चार दिवसांत तो कुठल्या तरी कोर्टात जाऊन आलाय. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी मिळाली असेल तर अजून पोलिसांच्याच लॉकअपमध्ये असणार, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली असेल तर जेलमध्ये, आणि जेलचं नाव कोर्टाच्या वॉरंटवर असतं.

महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर अटक आरोपी शोधायची सोय आहे, तिथं नाव टाकून बघा, स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाका. नाहीच सापडलं तर पोलिसांच्या कंट्रोल रूमला फोन करा. नवीन कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 1 जुलै 2024 पासून लागू झालाय, त्याच्या कलम 37 प्रमाणे अटक केलेल्यांची नावं-पत्ते प्रत्येक स्टेशनला आणि जिल्ह्याच्या मुख्यालयात लावायची आहेत, आणि कलम 48 प्रमाणे घरच्यांना कळवणं पोलिसांचंच काम आहे. हे शांतपणे स्टेशनच्या ड्युटीवरच्या ठाणे अंमलदाराला सांगा, भांडू नका. गुन्हा रजिस्टर नंबर तेवढा मागून घ्या, पुढं सगळीकडं तोच लागतो.

निनावी_७
ईकोर्ट या कोर्टांच्या वेबसाइटवर पण एफआयआर नंबरने शोधता येतं, फक्त चार्जशीट गेलेलं नसेल तर नाव दिसेलच असं नाही, त्यामुळं तिथं नाही दिसला म्हणून घाबरू नका.

पुण्याची_आई
ताई मी यातून गेलेय, माझ्या मुलाच्या वेळी आम्ही दोन दिवस चुकीच्या जेलच्या गेटवर उन्हात बसलो होतो, शेवटी कोर्टातल्या क्लार्कने वॉरंट बघून सांगितलं तेव्हा कळलं. म्हणून सांगते, ठाणे मध्यवर्ती, कल्याणचं आधारवाडी, तळोजा यातलं कुठलंही असू शकतं, आणि गर्दी झाली की एकाकडून दुसरीकडं हलवतात पण, नुसत्या अंदाजाने उदगीरहून निघू नका. 15100 ला फोन लावा, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे, कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला सांगून जेलमध्ये चौकशी करायला लावा. आणि सोडवून देतो म्हणून पैसे मागणारे भेटतील, एक रुपया देऊ नका!

भाऊ 18 च्या आतला नाही ना? असेल तर जेलमध्ये नाही, निरीक्षण गृहात असतो, चौकशी बाल न्याय मंडळात करायची.

कोर्टातला_माणूस
हो, आणि कुणीच कबूल करत नसेल, कोर्टात पण नेलेलं नसेल, तर वकिलामार्फत हायकोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज, टाकता येतं.

गावाकडची_ताई
सगळ्यांचे खूप उपकार. भाऊ 24 वर्षांचा आहे. कंट्रोल रूममधल्या बाईंनी नीट बोलून स्टेशन सांगितलं, तिथून गुन्हा नंबर मिळाला, काल एमसीआर झालाय आणि तो कल्याणला आधारवाडीत आहे. आईला सांगितलं, आत्ता दोन घास खाल्ले तिने. गोळ्यांचं काय करू?

पुण्याची_आई
डॉक्टरची चिठ्ठी आणि जुने कागद घेऊन जा, गोळ्या हातात देऊ देत नाहीत, जेलच्या डॉक्टरला दाखवायला सांगायचं. वकिलाला आजच सांगा म्हणजे तो कोर्टात अर्ज देईल, फिटच्या गोळ्यांत खंड पडायला नको. भेटीसाठी ई-मुलाकात या जेलभेटीच्या ऑनलाइन सोयीवर नाव नोंदवा, स्वतःचं आधार बरोबर ठेवा. कल्याणला उतरलात की इथं लिहा, मी बघत राहते.