ब्लाइथ स्पार्टन्स : १९७८ च्या पराक्रमानंतर हा क्लब वर का गेला नाही?

प्रश्न
इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ब्लाइथ या कोळशाच्या बंदरातला ब्लाइथ स्पार्टन्स हा १८९९ साली स्थापन झालेला क्लब १९७७-७८ च्या एफए कपमध्ये (इंग्लंडमधल्या लहानमोठ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेत) पाचव्या फेरीपर्यंत गेला होता. तेव्हा तो नॉर्दर्न लीगमध्ये, म्हणजे मुख्य फुटबॉल लीगच्या चारही विभागांबाहेर खेळत असे. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांचा संघ इतका पुढे कसा गेला, आणि त्यानंतर तो मुख्य लीगमध्ये का आला नाही, यावर जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १
खेळाडू नोकरदार होते हे खरे, पण म्हणून संघ निव्वळ हौशी होता असे नाही. हौशी आणि व्यावसायिक हा भेद इंग्लिश संघटनेने १९७४ साली रद्द केल्यामुळे मोठ्या क्लबांतून बाहेर पडलेले खेळाडू अशा संघांत उघडपणे खेळू लागले. १९७३ मध्ये संडरलंडकडून एफए कप जिंकलेला रॉन गथ्री पाच वर्षांनी ब्लाइथच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांत बचाव सांभाळत होता, तर त्याच संघातला ॲलन शोल्डर कोळशाच्या खाणीत कामाला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूकॅसल युनायटेडमध्ये दाखल झाला. हे मिश्रण लक्षात घेतले, तर चौथ्या फेरीत दुसऱ्या विभागातल्या स्टोक सिटीला त्यांच्याच मैदानावर ३-२ असे हरवणे तितकेसे अगम्य वाटत नाही.

प्रतिसाद २
पाचव्या फेरीत रेक्सहॅमच्या मैदानावर टेरी जॉन्सनच्या गोलमुळे ब्लाइथ अगदी शेवटच्या मिनिटांपर्यंत १-० असे पुढे होते. तेव्हा रेक्सहॅमला कॉर्नर मिळाला. कोपऱ्यातला ध्वज पडल्यामुळे पंच आल्फ ग्रे यांनी तो पुन्हा घ्यायला लावला आणि त्यातून डिक्सी मॅकनीलने बरोबरी साधली. नियमाचे काटेकोर पालन म्हणून या निर्णयाचे समर्थन करता येईल, मात्र ब्लाइथमध्ये ते कुणाला पटेल असे मला वाटत नाही. फेरसामना न्यूकॅसलच्या सेंट जेम्सेस पार्कवर झाला, त्याला ४२,००० हून अधिक प्रेक्षक आले आणि रेक्सहॅम २-१ ने जिंकले. जिंकणाऱ्याची उपांत्यपूर्व फेरीत आर्सेनलशी गाठ होती.

प्रतिसाद ३
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मैदानाबाहेर सापडते. १९८७ पर्यंत खालच्या लीगमधून मुख्य लीगमध्ये आपोआप बढती नव्हती. तळाच्या क्लबांना ठेवायचे की बाहेरच्यांना घ्यायचे हे सदस्य क्लबांच्या मतदानावर ठरे, आणि आपल्याच मंडळातल्याला बाहेर काढायला ते सहसा राजी नसत. १९७८ मध्ये साउथपोर्टच्या जागी विगनला प्रवेश मिळाला तोही असाच, मतांवर. शिवाय नॉर्दर्न लीग १९७९ नंतर उभ्या राहिलेल्या बढतीच्या साखळीपासून दीर्घकाळ अलिप्त राहिली आणि १९९१ मध्येच तीत सामील झाली, त्यामुळे १९८० च्या दशकात ब्लाइथने ती लीग पुन्हा पुन्हा जिंकूनही त्या विजयांना पुढची पायरीच नव्हती. अखेर १९९४ मध्ये क्लबने नॉर्दर्न प्रीमियर लीगची वाट धरली, परंतु तोपर्यंत १९७८ चा संघ केव्हाच पांगला होता.

प्रतिसाद ४
एक पुरवणी. जानेवारी २०१५ मध्ये क्रॉफ्ट पार्क या घरच्या मैदानावर तिसऱ्या फेरीत ब्लाइथने बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध २-० अशी आघाडी घेतली होती, पण सामना ३-२ ने गमावला. लीगबाहेरचा संघ एफए कपच्या शेवटच्या आठात दिसायला २०१७ साल उजाडावे लागले, आणि तो मान लिंकन सिटीला मिळाला.