ब्रेक डिस्कचा छोटा स्क्रू तुटला तर?

प्रश्न: कारची पुढची डिस्क बदलतोय. चाक, कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग), त्याचं ब्रॅकेट काढलं. डिस्कवरचा स्क्रू मात्र गंजून बसलाय, डोकंही घासलं गेलं. रत्नागिरीची खारी हवा! तो तुटला तर डिस्क कशाने धरणार?

– दादा, घाबरू नका. डिस्क चाकाच्या नटांनीच हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) आवळली जाते. स्क्रू फक्त चाक नसताना ती हलू नये म्हणून. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत असतो. स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवा. चाकाचे नट मात्र टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आवळा, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे.

– डिस्क तरीही अडकली आणि तिला आट्यांची दोन भोकं असतील तर त्यांत ८ एमएमचे बोल्ट आळीपाळीने आवळा, डिस्क सुटेल. आणि हबवरचा गंज तारेच्या ब्रशने नक्की काढा! राहिला तर डिस्क तिरकी बसते, ब्रेकचं पॅडल थरथरतं.

– सुटली! आता हब घासतोय.